सहीच्या जागेवरचं बोट

जुलै महिना लागला की माझा फोन शांत बसत नाही. भाची, पुतण्या, शेजारच्या बँकेतल्या बाई, कुणी ना कुणी विचारतंच, "रिटर्न कुणाकडून भरून घ्यावा हो? भरवशाचा माणूस सांगा ना." मी भांड्यांच्या दुकानात सगळा जन्म काढलाय, तेव्हा मला यातलं कळत असणार असा त्यांचा समज. मी सांगते, जो प्रश्न विचारून विचारून तुम्हाला भंडावून सोडेल त्याच्याकडे जा. जो पाच मिनिटांत "होऊन जाईल, काळजी करू नका" म्हणेल, त्याच्या दारात काढलेल्या चपला तशाच पायात घाला आणि घरी या. ती सगळी हसतात, आणि मोबाईलवर ज्याची जाहिरात दिसेल त्याच्याकडे जातात. जाऊ द्या. त्यांच्या वयाची असताना मीही तेच केलं होतं, आणि मला तर सांगणारा माणूस घरातच होता.

आमचं दुकान लातुरात, गंजगोलाईच्या बाजारपेठेत, एका रस्त्यावर. माझे वडील, म्हणजे अप्पा, मूळचे देगलूरचे. घरात बोली कानडी, दुकानात मराठी, आणि शाळा शिकले ती निजामाच्या राज्यातली, उर्दू. त्यामुळे अप्पा वही मराठीत लिहीत, रागवत कानडीत आणि सही करत उर्दूत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि उजवीकडून डावीकडे झरझर जाणारी ती सही. बँकेतला नवा कारकून हमखास दोनदा वर बघायचा. इंग्रजी मात्र त्यांना येत नव्हतं, आणि इन्कम टॅक्सचा फॉर्म तर सगळा इंग्रजीत. म्हणून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. जो कागद आपल्याला वाचता येत नाही तो कुणीतरी ओळन्‌ओळ वाचून दाखवल्याशिवाय त्याखाली सही करायची नाही. "वाचून दाखव," म्हणायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि मगच पेनाचं टोपण काढायचे. समोरचा वैतागून जायचा. मीही वैतागायची.

आमचा रिटर्न भरायचे नांदेडचे वकीलसाब. देगलूरच्या शाळेत ते आणि अप्पा एका बाकावर बसत. खरं तर ते वकील नव्हते. कुठल्याशा कचेरीत कारकुनी करता करता टॅक्सचं काम शिकले आणि पुढं घरीच करू लागले. पण त्यांचा सगळा मोहल्ला त्यांना वकीलसाब म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायचो. आमची इन्कम टॅक्सची फाईल तेव्हा नांदेडलाच होती. वर्षातून एक दिवस अप्पा दुकान बंद ठेवायचे, कागदांचं बोचकं मांडीवर घ्यायचे आणि मला घेऊन सकाळच्या एसटीत बसायचे. अहमदपूरला गाडी थांबली की चहा घ्यायचा, आणि तेवढ्यात बोचक्याची गाठ सुटली नाही ना ते मी तीनदा बघायचं, असा रिवाज होता.

वकीलसाबांची खोली म्हणजे एक तख्त, एक लोखंडी कपाट आणि खिडकीत पाण्याची सुरई. आम्ही टेकतो न टेकतो तोच त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. यंदा दुकानात नवं काय घेतलं? जुनं काय मोडीत घातलं? घरात लग्न निघालं का? दागिने कशातून केले? देगलूरच्या शेतावर कोण आहे? मोडीची पावती कुठंय? अप्पा म्हणायचे, "अरे, पावती असंल कुठंतरी, आकडा तोंडपाठ हाय." वकीलसाब चष्म्यावरून बघायचे. "तेरी जबान मला मंजूर हाय रे. सरकारला कागद लागतोय." मग पावती सापडेपर्यंत पेन खाली. एकदा ती सापडलीच नाही, तर त्यांनी तो खर्च सरळ सोडून दिला. आमचा कर वाढला, अप्पा कुरकुरले, वकीलसाब ढिम्म.

सगळं भरून झालं की ते फॉर्म हातात घेऊन विचारायचे, "पढ के सुनाऊं?" अप्पा डोळे मिटायचे. मग इंग्रजी ओळीवर बोट ठेवून ते ती उर्दूत सांगायचे, मध्येच माझ्यासाठी मराठीत. अख्खा फॉर्म. अप्पांची सही झाली की हे काम आपण केलंय असं स्वतःच्या सहीचं पत्र ते सोबत जोडायचे. "उद्या कुणी पुसलं तर दोघं मिळून उभं राहू," म्हणायचे. एक नक्कल आम्हाला द्यायचे. त्यांची फी चांगल्या वर्षाला जेवढी तेवढीच वाईट वर्षाला, आणि ती देताना दरवर्षी दोघांची भांडाभांडी, कारण अप्पा जास्त द्यायला बघायचे.

पण मला आठवतात ते त्यानंतरचे दोन तास. काम संपलं की अप्पा तख्तावर मागं टेकायचे आणि वेगळेच होऊन जायचे. घरात ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं आम्ही भावंडं सरळ बसायचो, ते अप्पा तिथं मांडीवर थापा मारून हसत. देगलूरच्या मास्तरांच्या नकला करत. उर्दूत काहीतरी म्हणत आणि वकीलसाब "वाह" म्हणत मान हलवत. मला त्यातलं निम्मंच कळायचं. मी वकीलसाबांनी दिलेली अर्धापूरची केळी खात खिडकीत बसून आपल्याच बापाकडे परक्याकडे बघावं तसं बघत राहायची. ते अप्पा मला वर्षातून एकदाच भेटत. आज मला कुणी काय पाहिजे विचारलं तर मी दुसरं काही मागणार नाही. ती खोली, ती केळी, आणि ते हसणं, बस.

मग लातूर जिल्हा झाला. आमच्या गावाला काय ते भरतं आलं होतं! जो तो "आता जिल्हा आपला" म्हणून छाती काढून चालायचा. नवे साहेब आले, नव्या कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं वकील, स्टँप विकणारे, टायपिंगवाले आले. आमची फाईलही नांदेडहून लातूरला आली. तरी अप्पा पहिली काही वर्षं रिटर्न वकीलसाबांकडूनच भरून आणत राहिले. त्याच सुमारास पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष कोरडं, दुसरं त्याहून कोरडं. नळ म्हणजे भिंतीला लावलेली शोभेची वस्तू. गल्लीत टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसायचं, आणि आला तेव्हा दारात माणूस नसलं तर त्या घराच्या घागरी कोरड्या.

आणि त्या दुसऱ्या वर्षी आमचं दुकान कधी नव्हे इतकं चाललं. साहजिक आहे. पाणी कमी झालं की माणसं पाणी साठवायची भांडी घेतात. पत्र्याची पिंपं, हंडे, घागरी, नवीनच निघालेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या. माल उतरवला की संपायचा. दुसऱ्या कुठल्या दुकानदारानं पेढे वाटले असते. अप्पा मात्र गल्ल्यावर चोरासारखे बसायचे. भाव त्यांनी एका पैशानं चढवला नाही, तरी त्यांना ते खायचं. एक दिवस आमच्या गल्लीतल्या एका बाईनं पोळ्या लाटायचं चांगलं पितळी पोळपाट मोडीत दिलं आणि पिंप नेलं. ती गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "लोकांच्या तहानेवर चाललंय आपलं. ह्या सालाचा एक पैसा लपवायचा न्हाई. जेवढं आलं तेवढं कागदावर आलं पायजे." मी "हो" म्हटलं. तेव्हा मी नुकतीच बी.कॉम. झाले होते, दुकानाच्या वह्या बघत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

रिटर्नची वेळ आली तशी मी म्हटलं, "अप्पा, यंदा नांदेड नको. टँकरची वेळ चुकली तर घरात प्यायला पाणी नाही. तुमच्या डोळ्याला मोतीबिंदू, चार-चार तास गाडीत धक्के कशाला? आणि आता कचेरी इथंच आहे."

"तिथं आपला माणूस हाय," अप्पा म्हणाले.

"इथंही माणसंच राहतात."

अप्पा वही उघडून बसले. मला वाटलं, पटलं त्यांना.

मी जो माणूस निवडला त्याची कचेरी एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. बाहेर मोठी पाटी, नावापुढं इंग्रजी अक्षरांची रांग. आत पंखा, काचेचं टेबल, टाईपरायटर. मी गेले तर त्यांनी खुर्ची दिली, थंड मागवलं, मला "मॅडम" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मॅडम म्हटलं होतं. माझी वर्षभराची वही त्यांनी नुसती चाळली. एक प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "अहो, दुष्काळी जिल्हा आहे, कोण तपासतंय? तुम्ही निश्चिंत राहा. आणि माझी फी आत्ता नकोच. जेवढा कर वाचवून देईन त्याचा चौथा हिस्सा." मला वाटलं, केवढा हा सचोटीचा माणूस, काम झाल्याशिवाय पैसे मागत नाही! आता आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. त्यांनी कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. "वडिलांची सही घेऊन या, गर्दी फार आहे, मी सावकाश भरतो."

मी तो फॉर्म घेऊन दुकानात आले. दुपारची वेळ, तीन-चार गिऱ्हाइकं पिंपं वाजवून बघत होती. मी फॉर्म गल्ल्यावर ठेवला आणि खाली, सहीच्या ओळीच्या उजव्या टोकाला बोट ठेवलं, कारण अप्पांची सही तिथून सुरू व्हायची. "इथं," म्हटलं.

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वाचून दाखव."

कोऱ्या कागदाचं काय वाचणार? घाई होती, लाजही वाटली, थोडा रागही आला. मी म्हटलं, "त्यात काय वाचायचंय अप्पा, नेहमीचंच आहे."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या बोटाला पेनाचं टोक लागणार नाही अशा बेतानं सही केली.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी नोटीस आली. पावसानं तोवर थोडी दया दाखवली होती, दुकान पुन्हा पूर्वीसारखं मंद चालत होतं. नोटीस इंग्रजीत होती आणि ती वाचायला मीच होते. त्या माणसानं आमचं दुकान त्या वर्षी तोट्यात दाखवलं होतं. दुष्काळानं विक्री बुडाली, गावोगावची उधारी बुडाली, असं लिहून कधी न ऐकलेल्या नावांची यादी जोडली होती. बिलोली, मुखेड, कुठकुठली गावं. आम्ही एका पिंपाचीही उधारी ठेवली नव्हती.

मी तशीच उठून त्याच्या कचेरीत गेले. मला वाटलं होतं, तो पळून गेला असेल. तो होता तिथंच. पंखाही तोच. त्यानं कपाटातून आमच्या फॉर्मची त्याच्याकडची नक्कल काढून टेबलावर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, सही तुमच्या वडिलांची आहे. माझी कुठं आहे, दाखवा." मी सगळी पानं उलटून बघितली. त्याची सही कुठंच नव्हती. आमच्याकडं नक्कलही नव्हती, मी मागितलीच नव्हती. या वेळी त्यानं मला खुर्ची दिली नाही.

संध्याकाळी मी अप्पांना सगळं सांगितलं. रडत सांगितलं. मला वाटलं कानडीत सुरू होतील. ते एवढंच म्हणाले, "तोटा दाखवला? त्या सालाचा?" ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी पूजा आटोपून बाहेर आले ते बोचकं बांधूनच. "चल, नांदेडला जाऊ."

मधली वर्षं आम्ही तिकडं फिरकलो नव्हतो. वकीलसाब दारातच भेटले. त्यांनी अप्पांना मिठी मारली आणि मला म्हणाले, "बेटा, लई दिसांनी याद आली." टोमणा नव्हता त्यात, पण मला लागला. मग नोटीस बघून त्यांनी पुन्हा प्रश्नांना सुरुवात केली. पिंपं कुणाकडून आणली? बिलं आहेत का? विक्रीची वही? मी एकेक कागद पुढं करत होते. बिलं सगळी होती, वही चोख होती, एवढंच काय ते माझ्या बी.कॉम.चं पुण्य. वकीलसाब म्हणाले, "एकच रस्ता हाय. साहेबापुढं जायचं, खरं सांगायचं, कर भरायचा, व्याज भरायचं, दंड लावंल तो भरायचा. मी येतो सोबत."

साहेबाला द्यायच्या अर्जात लिहायला मी सांगू लागले, "कोरा फॉर्म मी आणला, सही मी घेतली—" अप्पांनी हात वर केला. "पोरीचं नाव त्यात येणार न्हाई. सही माझी हाय." वकीलसाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि अप्पा म्हणाले तसंच लिहिलं. मग मला अर्जाची झेरॉक्स काढायला चौकात पाठवलं. मी परत आले तेव्हा दोघंही गप्प बसले होते. हसणं नाही, नकला नाहीत. जाताना केळी मात्र त्यांनी दिली.

वकीलसाब त्या वयात लातूरला आले, साहेबापुढं अप्पांच्या शेजारी उभे राहिले. भरायचं ते आम्ही भरलं. त्यात माझ्या लग्नासाठी ठेवलेलं बरंचसं गेलं, पण ते मला कधी टोचलं नाही. टोचलं ते दुसरंच. गोलाईत कुजबुज झाली. दुष्काळात पिंपं विकून वर तोटा दाखवला म्हणे. ज्या माणसानं भाव एका पैशानं चढवला नाही, त्याच्याबद्दल. अप्पांनी कुणाला काही सांगत बसणं सोडून दिलं होतं. पुढं ते होते तोवर आमचा रिटर्न नांदेडलाच झाला, पण डोळे गेले तसा प्रवास संपला आणि कागद घेऊन मी एकटीच जाऊ लागले. हसरे अप्पा मला पुन्हा भेटलेच नाहीत. जी दोन-तीन वर्षं त्यांना जाता आलं असतं, ती मी टँकरच्या नावाखाली घालवली होती.

या सगळ्यात माझ्या मनाला एकच आधार होता. अप्पांना दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता, कागद कोरा आहे हे त्यांना कळलंच नाही, मी त्यांना फसवलं नाही, फक्त घाई केली. वर्षानुवर्षं मी हे स्वतःला सांगत आले.

अप्पा गेले त्या वर्षीचा रिटर्नही भरावा लागला. गेलेल्या माणसाचा रिटर्न वारस भरतो आणि वारसच सही करतो, हे मला तेव्हा कळलं. मी नांदेडला गेले. वकीलसाब फार थकले होते. तख्तावरून उठवत नव्हतं, तरी प्रश्न एकही सोडला नाही. दवाखान्याची बिलं, शेताचा सातबारा, सगळं. फॉर्म भरून झाला तसा त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला.

"पढ के सुनाऊं?"

"मला इंग्रजी येतं, वकीलसाब," मी म्हटलं. "द्या, मी सही करते."

ते थांबले. म्हणाले, "बेटा, तू झेरॉक्सला गेलतीस त्या दिवशी मी तुझ्या बापावर लई गरम झालो. म्हणलो, अरे, जनमभर वाचून दाखव, वाचून दाखव करून राहिलास, मग कोऱ्या कागदावर सही कशी केलीस? आंधळा झाला होतास का? तर म्हणाला, कोरा हाय ते दिसत होतं मला. एकदा म्हणलो पोरीला, वाचून दाखव. दुसऱ्यांदा म्हणवलं न्हाई. तिला वाटलं असतं, बापाचा आपल्यावर भरवसा न्हाई. बोट तिचं होतं रे."

मी खिडकीकडे बघितलं. सुरई तिथंच होती. वकीलसाबांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि सहीच्या ओळीवर बोट ठेवलं, नेहमीच्या सवयीनं उजव्या टोकाला.

मी फॉर्म परत त्यांच्या हातात दिला.

"वाचून दाखवा," मी म्हटलं, आणि डोळे मिटून घेतले.

त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आधी अप्पांचं पूर्ण नाव वाचलं, मग त्यापुढं लिहिलेलं "मयत".